हाडांची शुद्धी आणि हातांचा विटाळ

वस्तू शुद्ध केव्हा होते हा एक प्रश्न आहे आणि माणूस शुद्ध केव्हा होतो हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर जगातील अनेक धर्मांनी बारकाईने विचार केला आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या देशातील वर्णव्यवस्थेने जन्माबरोबरच देऊन टाकले आणि चर्चेचे दार लावून घेतले. एरवी क्षुल्लक वाटणाऱ्या एका पदार्थात या दोन्ही प्रश्नांची गाठ पडते. तो पदार्थ म्हणजे जिलेटिन, आणि विशेषतः ज्यूंच्या धर्मनियमांनुसार खाण्यास योग्य ठरवलेले 'कोशर' जिलेटिन. कोशर जिलेटिनाशी आपला काय संबंध, असे वाचकाला वाटणे साहजिक आहे. पण संबंध आहे, आणि तो आपल्या आज्यापणज्यांच्या पाठीवरून गेलेला आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. जनावराच्या हाडांत, कातड्यात आणि स्नायुबंधांत कोलॅजन नावाचे प्रथिन असते. ते आम्लात किंवा चुन्यात मुरवून गरम पाण्यात उकळले की त्याचे जिलेटिन होते. हाडांपासून जिलेटिन करायचे तर आधी हाडे फोडून त्यांची चरबी गरम पाण्याने काढतात. मग ती सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही दिवस ठेवतात. हाडांतील खनिज विरघळते आणि मागे मऊ, चिवट असा सांगाडा उरतो. त्याला ओसीन म्हणतात. विरघळलेले खनिजही फुकट जात नाही. चुना घालून त्यापासून डायकॅल्शियम फॉस्फेट काढतात आणि ते कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यात जाते. ओसीन पुढे कित्येक आठवडे चुन्याच्या पाण्यात मुरते. मग धुणे, वाढत्या उष्णतेच्या पाण्यात अर्क काढणे, गाळणे, आटवणे, गोठवणे, वाळवणे आणि दळणे. शेवटी हातात येते ती फिकट पिवळसर भुकटी. तिला वास नाही, चव नाही, आणि ती कोणत्या जनावराची हे सांगणारी एकही खूण डोळ्यांना दिसत नाही.

या भुकटीचा मोठा गुण असा, की तिची खळ थंड झाली की थिजते आणि शरीराच्या उष्णतेपेक्षा थोड्या कमी तापमानाला पुन्हा वितळते. म्हणून जेली जिभेवर विरघळते. मार्शमॅलो नावाच्या मिठाईचा फुगीरपणा, चघळण्याच्या गोळ्यांचा चिवटपणा, काही दह्यांचा आणि आइस्क्रीमचा घट्टपणा यांमागे जिलेटिन असते. फळांचा रस आणि द्राक्षाची दारू निवळण्यासाठी ते वापरतात. औषधाची कॅप्सूल त्याचीच बनते. समुद्रशेवाळापासून काढलेला अगर-अगर किंवा फळांतील पेक्टिन यांनीही पदार्थ थिजतो, पण जिभेवर वितळण्याचा हा गुण त्यांत तसा उतरत नाही. कारखानदार जिलेटिनाला सहजासहजी सोडत नाहीत त्याचे कारण हे आहे.

जिलेटिनाचा इतिहास गरिबांच्या ताटातून जातो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये हाडांतून काढलेल्या जिलेटिनाचे सूप इस्पितळांतील रुग्णांना आणि गोरगरिबांना मांसाच्या बदल्यात पाजले जाई. मांस श्रीमंतांना आणि हाडांचा अर्क दरिद्र्यांना, अशी ही वाटणी होती. या अन्नावर माणूस जगतो काय, हे तपासण्यासाठी फ्रेंच विज्ञान अकादमीने नेमलेल्या, मॅजेन्दी यांच्या आयोगाने १८४१ साली अहवाल दिला. नुसत्या जिलेटिनावर ठेवलेले कुत्रे जगत नाहीत, असे प्रयोगांतून दिसले होते. पुढे याचे कारण उमगले. शरीराला आवश्यक असलेले ट्रिप्टोफॅन जिलेटिनात नसतेच. अमेरिकेत मात्र या पदार्थाने वेगळे रूप घेतले. न्यूयॉर्कमध्ये सरसाचा कारखाना चालवणाऱ्या पीटर कूपरने १८४५ साली जिलेटिनाच्या गोड पदार्थाचे पेटंट घेतले. १८९७ साली न्यूयॉर्क राज्यातील लरॉय या गावी पर्ल वेट याने त्यात फळांचा स्वाद घातला आणि त्याचे 'जेल-ओ' झाले. पुढे जाहिरातींच्या जोरावर तो घरोघरी पोचला.

याच काळात पूर्व युरोपातून लाखो ज्यू अमेरिकेत आले होते. त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला, हे खावे काय? ज्यू धर्मनियमांनुसार रवंथ करणारे आणि खूर दुभंगलेले जनावरच खाण्यास योग्य. तेही 'शोहेत' या शिकलेल्या धर्मसेवकाने विधीप्रमाणे कापलेले हवे. आपोआप मेलेले जनावर निषिद्ध, डुक्कर निषिद्ध, आणि मांस व दूध एकत्र खाणेही निषिद्ध. मग मेलेल्या जनावराच्या हाडातून निघालेली ही भुकटी मांस म्हणायची काय? ती दह्यात चालेल काय?

रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, यावर लिहून वाद घातला. विल्ना येथील रब्बी हाइम ओझेर ग्रोझेन्स्की यांनी १९३०च्या दशकात अनुकूल मत दिले. हाड वाळून लाकडासारखे कोरडे झाले, आम्लाने आणि चुन्याने त्याचे मूळ रूप गेले, तर निघालेला पदार्थ नवीनच मानता येतो, असा या बाजूचा युक्तिवाद. अमेरिकेतील रब्बी मोशे फाइन्स्टाइन यांनी विधीने कापलेल्या जनावराच्या कातड्याचे जिलेटिन मान्य केले आणि ते मांस न मानता दुधाबरोबर चालेल असे सांगितले. निषिद्ध जनावराचे मात्र त्यांनी मान्य केले नाही. रब्बी आहारोन कोटलर यांनीही सवलत नाकारली. अमेरिकेतील प्रमुख प्रमाणन संस्था कडक बाजूस राहिल्या. म्हणून तेथे विधीने कापलेल्या गाईबैलांची कातडी वेगळी ठेवून, यंत्रे धर्मनियमाप्रमाणे शुद्ध करून, देखरेख करणारा माणूस उभा करून जिलेटिन काढावे लागते. ते महाग पडते. दुसरा मार्ग पर आणि खवले असलेल्या माशांच्या कातडीचा. इस्रायलच्या मुख्य रब्बीपीठाने सवलतीची बाजू घेतली, आणि तेथील काही मिठायांच्या वेष्टनावर 'जिलेटिन खाणाऱ्यांसाठी कोशर' असे छापलेले असते. वाद मिटलेला नाही, पण तो उघड्यावर, नावानिशी आणि कारणे देऊन चालला आहे.

या वादाच्या मधोमध आपला देश येतो. अन्नशास्त्रज्ञ जो रेगेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली कोशर आणि हलाल अन्ननियमांवर एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. जिलेटिनाविषयीच्या नाना मतांत त्यांनी एक गट असाही नोंदवला आहे, की जो गाईबैलांच्या हाडांपैकी फक्त 'इंडिया ड्राय बोन्स', म्हणजे भारतातील वाळकी हाडे, स्वीकारतो. हिंदू गाय मारत नाहीत, म्हणून ही हाडे भारतात निसर्गतःच सापडतात, वर्षाहून अधिक काळ पडून ती लाकडासारखी कोरडी होतात, असे तेथे म्हटले आहे.

निसर्गतःच सापडतात! हा शब्द आपण थांबून वाचला पाहिजे. गोठ्यात मेलेली गाय आपल्या पायांनी गावाबाहेर जात नाही. तिला कोणीतरी ओढत नेले. तिचे कातडे कोणीतरी सोलले. गिधाडांनी आणि उन्हाने साफ केलेली हाडे कोणीतरी वेचली, पोत्यात भरली, डोक्यावर वाहिली, वजन करून विकली. निबंधकारांनी मुद्दाम काही लपवले असे मला म्हणायचे नाही. त्यांच्यापर्यंत हाडे पोचली, हात पोचले नाहीत. ते हात महारांचे, मांगांचे, चांभार-ढोरांचे, उत्तरेकडील चमारांचे आणि गरीब मुसलमानांचे होते. महारांच्या वतनी जमिनीला हाडकी-हाडवळा म्हणत. त्या नावातच हाड आहे. केरळात १९७५ साली जपानी सहकार्याने ओसीन-जिलेटिनचा उद्योग उभा राहिला. जबलपूर, वापी येथे जिलेटिनचे कारखाने निघाले, आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरजवळ बामणीला हाडांतून ओसीन काढणारा. या सर्व उद्योगांचा पाया गावकुसाबाहेर घातला गेला.

आता दोन व्यवस्थांची तुलना करू. बायबलच्या लेवीय या ग्रंथात मेलेल्या जनावराला शिवणाऱ्याला विटाळ सांगितला आहे, पण तो संध्याकाळपर्यंत. सूर्य मावळला की माणूस मोकळा. बाबासाहेबांनी १९४८ सालच्या 'द अन्टचेबल्स' या ग्रंथात नेमका हाच भेद दाखवला आहे. जगात इतरत्र विटाळ होता, तो प्रसंगापुरता आणि धुऊन जाणारा. हिंदूंची अस्पृश्यता कायमची आणि वंशपरंपरेची. ज्यू परंपरा याबाबतीत निष्कलंक होती असे मानण्याचे कारण नाही. तालमूदमध्ये कातडे कमावणाऱ्याच्या धंद्याविषयी तिरस्काराचे उद्गार आहेत. परंतु त्याच तालमूदमध्ये ज्यांचे मत पदोपदी येते ते रब्बी योसे स्वतः कातडे कमावत. आपल्याकडे चांभाराला शंकराचार्य होऊ द्या, असे म्हणून पाहावे! आणि जातीच्या हवेचा संसर्ग ज्यूंनाही झालाच. कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्राएल, ज्यांना शेजारी शनिवार तेली म्हणत, त्यांच्यातही गोरे आणि काळे असा भेद पडला आणि बेटीव्यवहार थांबला. नवीन वर्षाला नारळाच्या दुधाचा हलवा करणारा, गावात मिसळून गेलेला हा समाज. त्यालाही ही वाळवी लागली.

हिंदू समाजाने वस्तूच्या बाबतीत मात्र कमालीची लवचीकता दाखवली. छायाचित्राच्या फिल्मवर जिलेटिनाचा थर असे. देवादिकांच्या आणि मठाधिपतींच्या तसबिरी त्या थरावरूनच उमटल्या. वैद्याने दिलेली कॅप्सूल सोवळ्यातल्या माणसानेही गिळली. यंत्रातून गेले की हाड शुद्ध होते, हे त्याने कोणत्याही रब्बीला न विचारता, एक ओळही न लिहिता मान्य केले. हाड वेचणारा मात्र कोणत्याही यंत्रातून गेला तरी शुद्ध होत नाही.

हाडांच्या किमतीचा हिशेबही आपल्याला ऐकवला गेला आहे. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस सोडण्यास सांगितले, ढोरे ओढण्याविरुद्ध चळवळ उभी राहिली, तेव्हा 'केसरी'तून अस्पृश्यांच्या नुकसानीची चिंता वाहण्यात आली. कातडे, हाडे, शिंगे यांचे एवढे पैसे बुडतील, असा तो हिशेब होता. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ही आठवण सांगितली. एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या, हा त्यांच्या उत्तराचा आशय होता. माणुसकीची किंमत हाडांच्या भावात मोजू द्यायची नाही, हे त्या उत्तरामागचे तत्त्व आहे.

हा प्रश्न जुना झाला असे कोणी म्हणेल. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारण्यात आले. तेव्हा तेथील दलितांनी ढोरे उचलणे थांबवले आणि सुरेंद्रनगरला ती जिल्हाधिकारी कचेरीसमोर नेऊन टाकली. त्याच वर्षी औषधाच्या कॅप्सूलमधून जिलेटिन काढून वनस्पतिजन्य आवरण आणावे, अशी मागणी केंद्रीय मंत्री मेनका गांधी यांनी केली. कॅप्सूल निर्मळ व्हावी याची काळजी दिल्लीला होती. ढोर उचलणाऱ्याचे हात रक्ताळले त्याची काळजी उनाच्या तरुणांना स्वतःच करावी लागली.

जिलेटिन खावे की खाऊ नये, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. आपला प्रश्न इतिहासाचा आहे. एका हाडावर रब्बींनी शंभर वर्षे वाद घातला आणि प्रत्येकाचे नाव राहिले. ते हाड ज्यांनी वेचले त्यांच्यापैकी कोणाचेही नाव राहिले नाही. त्यांच्या वाट्याला 'निसर्ग' हा शब्द आला. हाडांचे बाजार कोठे भरत, पोत्याला काय मिळे, ठेकेदार कोण असत, मालगाडी कोठून सुटे, बायका हे ओझे किती कोस वाहत, हे सांगणारी पिढी थकत चालली आहे. विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी आपापल्या गावी जाऊन त्यांना हे विचारले पाहिजे आणि लिहून ठेवले पाहिजे. हे काम आपण केले नाही, तर पुढच्या निबंधातही ती हाडे निसर्गतःच सापडतील.