सव्वा महिन्याची विश्रांती

‘सीझर झाले’ आणि ‘पिशवी काढली’ ही दोन वाक्ये हल्ली आपल्या शहापूर-मुरबाडकडे घरोघरी ऐकू येतात. स्मरणिकेसाठी काही माहितीपर लिहा, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मला हाच विषय सुचला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण या दोन्ही ऑपरेशनांतून मी स्वतः गेले आहे, आणि ही ऑपरेशने जगात आली तरी कशी, हे लेकीला शोधायला लावून तिच्याकडून पुष्कळ वाचून घेतले आहे. घरातल्या पुरुषमंडळींनी हा लेख वाचला तरी हरकत नाही. किंबहुना त्यांनी तो वाचावाच.

पोट चिरून मूल काढण्याची गोष्ट फार जुनी आहे. चंद्रगुप्त मौर्याच्या राणीच्या पोटात विष गेले तेव्हा चाणक्याने तिचे पोट चिरून बिंदुसाराला बाहेर काढले, अशी कथा जैन ग्रंथांत आहे. मूल वाचले, राणी गेली. सुश्रुतानेही हा उपाय सांगितला आहे तो आई मरण पावली असेल आणि पोटात मूल हलत असेल तेव्हाचा. रोमचा ज्युलियस सीझर असाच जन्मला म्हणून हे नाव पडले असे आपण ऐकतो, पण त्याची आई पुढे बरीच वर्षे जिवंत होती. त्या काळी पोट चिरलेली बाई जगत नसे, तेव्हा ती गोष्ट खरी मानता येत नाही. थोडक्यात, हजारो वर्षे हे ऑपरेशन मुलासाठी होते. आईच्या बरे होण्याचा प्रश्नच कुणापुढे नव्हता.

पिशवी काढण्याचे ऑपरेशन त्या मानाने अलीकडचे. १८४३ साली इंग्लंडात मँचेस्टर येथे चार्ल्स क्ले या डॉक्टरने पोटातून पिशवी काढली, पण ती बाई दगावली. १८५३ साली अमेरिकेत बर्नहॅम या डॉक्टरच्या हातून असे ऑपरेशन झालेली बाई वाचली. मधल्या काळात, १८४६ साली ईथर आणि १८४७ साली क्लोरोफॉर्म ही गुंगीची औषधे आली होती. त्यापूर्वी बायांनी हे कसे सोसले असेल, याचा विचारसुद्धा करवत नाही. जखमेत पू होऊ नये म्हणून जंतुनाशक वापरण्याची लिस्टरची पद्धत १८६७ सालची.

आता खरी नवलाची गोष्ट सांगते. ही दोन ऑपरेशने एकदा एकाच बाईवर, एकाच वेळी झाली आणि त्यातूनच पुढचा रस्ता मोकळा झाला. २१ मे १८७६ रोजी इटलीतील पाविया गावी ज्युलिया कॅव्हालिनी नावाची एक अडलेली बाई एदुआर्दो पोरो या डॉक्टरपुढे होती. मुडदुसाने तिच्या कमरेची हाडे वाकडी झालेली, मूल खालून येणे अशक्य. त्या काळी डॉक्टर पोट चिरून मूल काढीत, पण पिशवीला टाके घालीत नसत. पिशवी आपोआप आवळते, टाक्यांनी अपायच होतो, अशी समजूत होती. त्यामुळे बहुतेक बाया रक्तस्रावाने किंवा तापाने मरत. पोरोने मूल काढले आणि पाठोपाठ पिशवीही कापून काढली. मायलेकी दोघी वाचल्या. म्हणजे सीझर होऊन आई जगावी यासाठी काही काळ तिची पिशवीच द्यावी लागत होती! पुढे १८८२ साली जर्मनीतील मॅक्स झेंगरने पिशवीला आतून नीट टाके घालावेत असे लिहिले, तशी ऑपरेशने करून दाखवली गेली, आणि बाईचा जीव वाचून पिशवीही तिच्याजवळ राहू लागली. १९०० साली फानेनस्टील या जर्मन डॉक्टरने ओटीपोटावर आडवी चिरी घेण्याची पद्धत सांगितली. सीझरला आणि पोटातून पिशवी काढायला आज बहुधा तीच चिरी घेतात. माझ्या पोटावर दोन्ही ऑपरेशनांची मिळून एकच रेघ आहे, कारण दुसऱ्यांदा जुन्याच खुणेवर चिरले.

आपल्या मुलखाकडे वळू. आपल्या जवळच्या कल्याणच्या माहेरच्या आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल दहाच दिवसांत गेले, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि प्रबंध लिहिला तो बाळंतपणाच्या विद्येवरच. दुर्दैवाने १८८७ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. १८८६ सालीच मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झाले. गोव्याकडचे डॉ. वि. ना. शिरोडकर मुंबईत नावारूपाला आले. गर्भ टिकावा म्हणून पिशवीच्या तोंडाला घालायचा टाका त्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो. अंग बाहेर येणाऱ्या तरुण बायांची पिशवी न काढता ती वर बांधून घेण्याचे ऑपरेशनही त्यांनी बसवले. पिशवी वाचवण्यासाठी एवढी बुद्धी खर्च करणारी माणसे आपल्याकडे होऊन गेली, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हा झाला चिरफाडीचा इतिहास. विश्रांतीचा इतिहास निराळाच आहे. पूर्वी ऑपरेशन झालेल्या बाईला दोन-दोन, तीन-तीन आठवडे अंथरुणावरून हलू देत नसत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास डॉक्टरांना कळले की लवकर उठवून चालवले तर पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी कमी होतात. म्हणून आज नर्सबाई दुसऱ्या दिवशीच चालायला लावते. पण चालणे निराळे आणि कामाला लागणे निराळे. हा फरक आपल्या घरांतून कुणी समजून घेत नाही.

बाळंतिणीचे मात्र तसे नाही. वाग्भटाने तिला दीड महिना पथ्यात ठेवायला सांगितले आहे. आपण सव्वा महिना म्हणतो. शेक, धुरी, अळीव, डिंकाचे लाडू, पाचवी, बारसे, सगळे तिच्याभोवती फिरते. कायद्यानेही तिलाच ओळखले. मुंबई इलाख्यात १९२९ साली कारखान्यांतील बायांसाठी प्रसूतीचा कायदा झाला, त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात पाठिंबा दिला होता. १९६१ च्या कायद्याने बारा आठवड्यांची पगारी रजा दिली आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे बाईला कामावर घेऊ नये असे बजावले. २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा सव्वीस आठवड्यांची झाली. त्याच कायद्यात गर्भपातासाठी सहा आठवडे होते, कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनसाठी दोन आठवडे होते. पिशवी काढण्याचे नाव त्यात नव्हते.

माझेच सांगते. माझे दुसरे बाळंतपण सीझरने झाले. कमरेत इंजेक्शन दिले होते, त्यामुळे बाळाचे रडणे मी स्वतः ऐकले. खोकताना, हसताना टाके ओढत. पोटाला उशी दाबून धरायची. मूल अंगावर प्यायला लागले की पिशवी आवळून कळ येई. तरी घरात गजबज होती आणि मुरबाडहून आई येऊन राहिली होती. पुरे चाळीस दिवस मी हंड्याला हात लावला नाही. पुढे त्रेचाळिसाव्या वर्षी गाठींमुळे अंगावरून फार जाऊ लागले, औषधांनी थांबेना, रक्त कमी झाले, म्हणून म्हशाच्या यात्रेच्या सुमारास पिशवी काढली. अंडाशये डॉक्टरांनी ठेवली. ती काढली तर पाळी जाण्याच्या वयाचा त्रास एकदम सुरू होतो. बाहेरची जखम सीझरसारखीच, पण आत योनीच्या टोकाशी आणखी टाके असतात. ते दिसत नाहीत आणि उशिरा भरतात. दुपार झाली की अंगातले सगळे त्राण गेल्यासारखे होई. पाळीचा जाच सुटला याचा आनंद होता आणि कारण नसताना रडूही येई. भेटायला येणाऱ्या कमी. बाळ नाही तर बघायला काय जायचे! लाडू कुणी केले नाहीत. विसाव्या दिवशी एक शेजारीण म्हणाली, “आता बरी दिसतेस की.” दुर्बिणीतून किंवा खालून पिशवी काढलेल्या बाईला तर हे आठव्या दिवशीच ऐकावे लागते, कारण पोटावर दाखवण्यासारखे फारसे काहीच नसते.

हे ज्यांच्या वाट्याला फार मोठ्या प्रमाणावर आले त्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या भगिनी. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. खाडा झाला तर पैसे कापतात, पाळी नको, म्हणून कितीतरी तरुण वयात हे ऑपरेशन करून घेतात, आणि टाके पुरते भरण्याआधी पुन्हा मोळी डोक्यावर. मोळी उचलण्यासाठी पिशवी काढायची आणि पिशवी काढल्यावर मोळी उचलायची नाही, असा हा पेच आहे.

आपल्याकडे मोळी नसली तरी हंडा आहे. शहापूर तालुक्यातले तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देते, भातसाही आपल्याच तालुक्यात, आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. पंधरा लिटरचा भरलेला हंडा म्हणजे पंधरा किलोहून अधिक ओझे. डॉक्टर सहा आठवडे जड उचलू नका म्हणतात, ते दोन्ही ऑपरेशनांना सारखेच. बाळंतिणीसाठी ते घर पाळते.

गेल्या वैशाखात आमच्या आळीतल्या एकीची पिशवी काढली. घरात शाळकरी मुले, नवरा कंपनीत पाळीला. आम्ही पाच जणींनी वार वाटून घेतले, आणि टँकर आला की तिच्या पिंपात दोन हंडे ओतायचे ठरवले. चौथ्या आठवड्यात ती लाजून म्हणाली, “आता मी आणते.” आम्ही दिनदर्शिका दाखवली आणि सहा आठवडे पुरे केले. लाडूही केले, डिंक थोडा कमी घालून, कारण ऊन फार होते.