४४,१०० हा आकडा आला कुठून?

माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. तो आवाज आकड्यांत पकडायचा तर सेकंदाला दुपटीहून जास्त नोंदी हव्यात. पण सीडीसाठी नेमक्या ४४,१००च का?

उत्तर कानात नाही, व्हिडिओ टेपमध्ये आहे. १९७०च्या दशकात एवढे आकडे साठवायला तीच सोयीची होती. चित्राच्या प्रत्येक रेषेवर तीन नोंदी लिहायच्या. जपान-अमेरिकेच्या टीव्ही पद्धतीत २४५ रेषा, सेकंदाला ६० वेळा. युरोपच्या आणि आपल्या दूरदर्शनच्या पद्धतीत २९४ रेषा, ५० वेळा. गुणून बघा, दोन्हीकडे ४४,१००!

१९८२मध्ये सीडी बाजारात आली. पुढे टेप गेली, आकडा राहिला. आज घिवलीतल्या घरात सीडी प्लेयरची ऑप्टिकल केबल जोडली, तरी तिच्यातून तोच धावतो. म्हणून ‘हाय-रेझ’साठी खिसा रिकामा करण्याआधी एवढं लक्षात ठेवा: मूळ ध्वनिमुद्रणात जे नाही, ते मोठ्या आकड्याने येत नाही.