चट्टीच्या हिशेबाने बद्रिनाथ

बद्रिनाथापर्यंत मोटार पोचली ती १९६२च्या युद्धानंतर, सीमेकडचे रस्ते झपाट्याने बांधले गेले तेव्हा. त्याआधी यात्रा पायी व्हायची आणि तिचा सगळा हिशेब 'चट्टी'वर बेतलेला असे.

चट्टी म्हणजे वाटेवरचं दुकान आणि त्याला लागून पडवी. इथला व्यवहार मोठा शहाणपणाचा होता. यात्रेकरूने पीठ, डाळ, तूप त्या दुकानातून घ्यायचं. मग रात्रीचा निवारा आणि स्वयंपाकाची भांडी फुकट. कित्येक दिवसांचा शिधा पाठीवर वाहायला नको! ज्याला चालवत नसे तो हमालाच्या पाठीवरच्या कंडीत बसे, नाहीतर खांद्यांवरून नेल्या जाणाऱ्या दांडीत. पैसा नसलेल्या साधूंसाठी बाबा काली कमलीवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदावर्तं सुरू केली. त्याच्याही शंभर वर्षं आधी अहिल्याबाई होळकरांनी या डोंगरांत धर्मशाळा बांधल्या होत्या. महेश्वरी बसून इतक्या दूरच्या वाटसरूची काळजी वाहणं ही साधी गोष्ट नव्हे.

याच वाटेवर लक्ष्मणझुल्याला पूर्वी दोरांचा पूल होता. १८८९ साली कोलकात्याच्या सूरजमल यांच्या देणगीतून लोखंडी पूल झाला, १९२४च्या पुरात तो वाहून गेला आणि १९३०मध्ये नवा उभा राहिला.

वाट बदलली, पण मंदिराची दारं उघडण्याची तारीख मात्र आजही जुन्याच रीतीने ठरते: बद्रिनाथाची वसंत पंचमीला नरेंद्रनगरच्या राजवाड्यात, केदारनाथाची महाशिवरात्रीला उखीमठात. देवप्रयागच्या पंड्यांच्या वह्यांत यजमानाचं गाव, कूळ आणि आधी कोण येऊन गेलं याच्या नोंदी असत. त्यामुळे नवख्यालाही वाटेवर ओळखीचं माणूस मिळे.