चोळांचीं मंडलें : मुलुख आणि त्याचें नांव

इ. स. १६७७ मध्यें शिवछत्रपति ज्या मोहिमेस निघाले, तिला आपण कर्नाटकाची स्वारी म्हणतों. परंतु त्या स्वारींत हस्तगत झालेला जिंजीचा दुर्ग तमिळ भाषेच्या मुलुखांत आहे. कानडी देशाचें नांव तमिळ भूमीस लागावें, याचें कारण विजयानगरचें साम्राज्य. राज्य दक्षिणेस पसरलें तसें त्याच्यामागून नांवहि पसरलें. राज्य मोडलें, पण नांव तेथेंच राहिलें. हें कोणी आज्ञापत्र काढून घडविलें नव्हतें. याच्या सहाशें वर्षें आधीं मात्र दक्षिणेंतील एका घराण्यानें याच्या नेमका उलट उद्योग आरंभिला होता. कानडी मुलुख जिंकून त्यावर त्यानें तमिळ नांवें हेतुपुरःसर घातलीं. तें घराणें तंजावरच्या चोळांचें. त्या उद्योगाचें पुढें काय झालें, हें पाहण्यासारखें आहे.

चोळांच्या राज्यांत गांवास ‘ऊर’ म्हणत आणि अनेक ऊर मिळून एक ‘नाडु’ होई. नाडु हा कोणा राजानें निर्माण केलेला विभाग नव्हे. पाण्याच्या व शेतीच्या सोयीनें तो आपोआप बनलेला होता. पहिल्या राजराजानें (९८५–१०१४) या नाडूंच्या वर ‘वळनाडु’ नांवाची नवी पायरी बसविली आणि तिला स्वतःचीं बिरुदें दिलीं : अरुमोळिदेव-वळनाडु, क्षत्रियशिखामणि-वळनाडु, नित्यविनोद-वळनाडु. याच सुमारास राज्यांत जमिनीची मोजणीहि झाली. तेव्हां यांत नुसती आत्मप्रौढी होती असें समजणें बरोबर नाहीं. कोणतें गांव कोणत्या नाडूंत व तो नाडु कोणत्या वळनाडूंत, हें तंजावरच्या बृहदीश्वर देवालयावरील लेखांत काटेकोरपणें कोरलेलें आहे. त्या नांवाखालीं सारा वसूल होत होता. या सर्वांच्या वर ‘मंडल’ हा सर्वांत मोठा विभाग होता.

हीच पद्धति सरहद्दीवर गेली. सुमारें १००४ मध्यें गंगांची राजधानी तलकाड चोळांच्या हातीं आली. तिचें राजराजपुर झालें. गंगवाडीस ‘मुडिगोंडचोळमंडल’ हें नांव पडलें, तर कोलारकडील मुलुखास ‘निगरिलिचोळमंडल’. सिंहलद्वीपांतील जिंकलेला भाग ‘मुम्मुडिचोळमंडल’ झाला व तेथील पोलोन्नरुव नगर ‘जननाथमंगलम्’. मुडिगोंड म्हणजे मुकुट हिरावून घेणारा. निगरिलि म्हणजे ज्यास तोड नाहीं असा. या नांवांत नदी नाहीं, डोंगर नाहीं, तेथें राहणारे लोकहि नाहींत; फक्त जेता आहे.

पण ज्या मुलुखांस असें नांव मिळालें नाहीं, ते अधिक बोधप्रद आहेत. राजराजाच्या प्रशस्तींत गंगपाडि व नुळंबपाडि यांच्या जोडीस ‘साडेसात लक्ष रट्टपाडि’ जिंकल्याचा उल्लेख येतो. रट्टपाडि म्हणजे पूर्वीं राष्ट्रकूटांचा व त्या काळीं चालुक्यांचा मुलुख. आपल्या महाराष्ट्राचा मोठा भाग त्यांत मोडतो. कानडी लेखांत गंगवाडी ९६,०००, नोळंबवाडी ३२,०००, बनवासी १२,००० असे आंकडे नांवांस जोडलेले आढळतात. हे आंकडे गांवांचे असणें शक्य नाहीं. आजच्या सबंध कर्नाटकांतहि तीस हजार खेडीं भरत नाहींत. मुळांत त्यांचा अर्थ कांहींहि असो, पुढें ते आडनांवाप्रमाणें नांवास चिकटून राहिले. चोळांनीं ‘वाडी’चें ‘पाडि’ केलें, परंतु शत्रूचा आंकडा जसाच्या तसा उचलला.

पुढें राजाधिराज चोळानें चालुक्यांची राजधानी कल्याणी लुटली. तेथून आणलेली द्वारपालाची लेखयुक्त मूर्ति तंजावरास आजहि पाहावयास मिळते. सुमारें १०५४ मध्यें कोप्पमच्या रणांत तो पडला, आणि त्याचा भाऊ राजेंद्र यानें कोल्लापुरांत जयस्तंभ उभारल्याचें त्याच्या प्रशस्तींत म्हटलें आहे. हें कोल्लापुर म्हणजे आपलें कोल्हापूर, असें सामान्यतः मानतात. इतकें होऊनहि रट्टपाडीचें चोळमंडल कधीं झालें नाहीं. पहिल्या राजेंद्राच्या गंगेवरील स्वारीनें त्यास ‘गंगैकोंड’ हें बिरुद मिळालें, कडारमच्या स्वारीनें ‘कडारंकोंड’ हें मिळालें. पण गंगातीरावर किंवा कडारांत मंडल स्थापन झालें नाहीं. तात्पर्य, प्रशस्ति लिहिणाऱ्या कवीस लुटलेला देश आणि राखलेला देश सारखेच. दानलेख लिहिणाऱ्या करणिकास तसें म्हणून चालत नसे. साम्राज्याची खरी सीमा शोधावयाची तर विजयांच्या याद्या बाजूस ठेवून, मंडल-वळनाडु-नाडु ही उतरंड कोठपर्यंत पोंचली, तें पाहावें.

आतां या नांवांच्या आयुष्याविषयीं. सिंहलद्वीप १०७० च्या सुमारास विजयबाहूनें सोडविलें. सुमारें १११६ मध्यें होयसळ विष्णुवर्धनानें तलकाड घेतलें आणि ‘तलकाडुगोंड’ हें बिरुद धारण केलें. मुकुट घेणाऱ्याचें ‘गोंड’ त्याच्यावरच उलटलें! होयसळांच्या लेखांत पुन्हां ‘गंगवाडी ९६,०००’ दिसूं लागते, जणूं मधलीं शंभर वर्षें झालींच नाहींत.

याचें कारण चोळांच्याच लेखांत आहे. तंजावरच्या देवालयास सिंहलद्वीपांतील गांवें लावून दिलीं, तेथें ‘ईळम् म्हणजेच मुम्मुडिचोळमंडल’ अशी भाषा आहे. ज्या नांवास ‘म्हणजेच’ जोडावें लागतें, तें नांव अजून लोकांच्या तोंडीं बसलेलें नसतें. सारा नव्या नांवानें वसूल होत असेल. पण गांव कोठें आहे हें सांगावयास जुन्याच नांवाचा आधार घ्यावा लागे. जुनें नांव पुसण्यासाठीं काढलेल्या आज्ञेनेंच तें दगडावर कोरून जतन केलें.

कोण्या विजयाची बढाई न मिरविणारें ‘चोळमंडल’ हें साधें नांव मात्र टिकलें. दर्यावर्दी परकीयांनीं तें उचललें, आणि पूर्व किनारा आजहि जगाच्या नकाशावर कोरोमंडल म्हणून ओळखला जातो. निगरिलि, मुडिगोंड, मुम्मुडि हीं बिरुदें आतां शिलालेख वाचणाऱ्यांपुरतीं उरलीं आहेत. देश जिंकण्यास सैन्य पुरतें, त्याचा सारा वसूल करण्यास दप्तर पुरतें. परंतु त्याला नांव देण्याचा अधिकार अखेर तेथें राहणाऱ्यांचा व तेथें येणाऱ्या-जाणाऱ्यांचाच असतो. नांवें बदलण्याचा उत्साह कोणत्याहि काळीं ओसरत नाहीं. म्हणून चोळांचा हा अनुभव लक्षांत ठेवण्याजोगा आहे.