अटलांटिक किती तासांचा?

लंडनचा हीथ्रो आणि न्यूयॉर्कचा केनेडी या दोन विमानतळांमधलं अंतर साधारण ५,५४० किलोमीटर आहे. ते बदलत नाही. (अटलांटिक महासागर दरवर्षी दोन-अडीच सेंटिमीटरने रुंदावतो, हे खरं, पण विमान कंपन्यांना त्याचा हिशेब ठेवावा लागत नाही!) आता या अंतराला वेळ किती लागतो, हा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. त्याला इतिहास आहे.

१९१९च्या जूनमध्ये अल्कॉक आणि ब्राउन न्यूफाउंडलंडहून उडाले आणि सुमारे सोळा तासांनी आयर्लंडमधल्या एका दलदलीत उतरले. न थांबता केलेलं अटलांटिकवरचं हे पहिलं विमानोड्डाण. सुरुवात अमेरिकेच्या बाजूने का केली? कारण या पट्ट्यात वारा बहुतांशी पश्चिमेकडून वाहतो. तो पाठीशी हवा होता.

पुढे जेट विमानं आली, तरी या वाऱ्याचा अधिकार संपला नाही. ४ ऑक्टोबर १९५८ची गोष्ट घ्या. ब्रिटिश ‘कॉमेट’ची प्रवासी सेवा त्या दिवशी दोन्ही टोकांकडून एकदमच सुरू झाली. न्यूयॉर्कहून लंडनला विमान ६ तास १२ मिनिटांत पोहोचलं. उलट दिशेने १० तास २२ मिनिटं लागली, कारण समोरून वारा आणि इंधनासाठी गँडरला थांबा. मार्ग तोच, दिवस तोच. मग अंतर ‘सारखं’ होतं असं आपण कोणत्या अर्थाने म्हणायचं? नकाशाच्या अर्थाने, ठीक. प्रवाशाच्या अर्थाने नाही. आजही जाता-येता तासाभराचा फरक पडतोच, आणि वारा पाहून अटलांटिकवरचे हवाईमार्ग रोज नव्याने आखावे लागतात.

प्रवासाचा वेळ कमी कमीच होत जाणार, ही आपली एक आवडती समजूत. मला ती भाबडी वाटते. ‘कॉन्कॉर्ड’ साडेतीन तासांत महासागर ओलांडायचं. लंडनहून सकाळी साडेदहाला निघालेला माणूस न्यूयॉर्कला तिथल्या घड्याळाप्रमाणे साडेनऊच्या सुमारास उतरायचा, म्हणजे निघण्याच्या आधीच पोहोचायचा! १९९६च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क-लंडन हे अंतर या विमानाने तीन तासांच्याही आत कापलं. पण आसनं शंभरच, इंधनाची भूक अफाट आणि आवाज असा, की जमिनीवरून त्या वेगाने उडायची बहुतेक देशांत बंदी. २००३मध्ये सेवा बंद झाली आणि साडेतीन तासांचा अटलांटिक पुन्हा सात-आठ तासांचा झाला. तंत्र हरवलं नव्हतं बरं का, हिशेब जमला नव्हता.

त्यानंतर २०२०च्या फेब्रुवारीत एक साधं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं, तेव्हा त्याची बातमी झाली. इंजिन जुनंच होतं. मागून ‘सिआरा’ नावाच्या वादळाचा वारा होता.