रकान्यामागचा खर्च

१९८९ साली भारतीय आयुर्विमा महामंडळात सहायक पदासाठी निवडल्या गेलेल्या स्त्रीला रुजू होण्यापूर्वी एक घोषणापत्र भरून द्यावे लागे. लग्न झाले आहे का, नवऱ्याचे नाव आणि धंदा काय, मुले किती, इथपर्यंत ते सरकारी छापाचेच होते. पुढचे रकाने मात्र वेगळ्या जातीचे होते. पाळी नेहमी वेळेवर आणि न दुखता येते का. दिवस किती वेळा गेले, त्यांतली किती बाळंतपणे पूर्ण दिवसांची. शेवटची पाळी कोणत्या तारखेची. सध्या दिवस गेले आहेत का. शेवटचे बाळंतपण कधी. गर्भपात कधी झाला आहे का. नीरा माथूर यांनी हे सगळे भरून दिले, महामंडळाच्याच यादीवरच्या डॉक्टर बाईंनी त्यांना तपासून नोकरीस योग्य ठरवले आणि त्या कामावर रुजू झाल्या. काही महिन्यांत त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. १९९०च्या सुरुवातीला, परिवीक्षेचा काळ संपण्याआधीच, त्यांना कामावरून कमी केले गेले. महामंडळाचे म्हणणे असे की, रुग्णालयाच्या कागदावर दिसणारी शेवटच्या पाळीची तारीख घोषणापत्रातल्या तारखेशी जुळत नाही, म्हणजे बाईंनी खोटे लिहून दिले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत कामावर घ्यायला लावले, हे प्रश्न लाजिरवाणे, किंबहुना अपमानास्पद आहेत असे म्हटले आणि ते रकाने फॉर्ममधून काढायला सांगितले.

या निकालाची आठवण बहुधा शालीनतेच्या आणि खासगीपणाच्या संदर्भात निघते, आणि ती बाजू खरीच आहे. पण तेवढ्यावर थांबले तर मुख्य गोष्ट हातची निसटते. विमा कार्यालयात नोंदवह्या सांभाळणाऱ्या सहायकाच्या कामाचा पाळी दुखते की नाही याच्याशी संबंध नाही, हे तो फॉर्म छापणाऱ्यालाही ठाऊक असणार. मग प्रश्न कशासाठी? १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने बाळंतपणाच्या रजेतला पगार थेट मालकाच्या तिजोरीतून द्यायचा ठरवला होता, आणि त्यासाठी पात्र व्हायला थोड्याच महिन्यांची नोकरी पुरे होती. दिवस गेलेली उमेदवार घेतली तर काही महिन्यांत तो खर्च उभा राहणार, हे गणित त्या रकान्यांमागे होते. माझे म्हणणे असे की, नोकरी देताना केलेल्या आगाऊ चौकशीचा इतिहास नीतिमत्तेपेक्षा हिशोबाच्या वहीत शोधावा. उद्या कोणता खर्च आपल्या अंगावर पडेल अशी मालकाला धास्ती वाटते, त्यावर तो काय विचारणार हे ठरते. काम कोणते आहे याने क्वचितच. आणि म्हणून नुसता रकाना खोडून चौकशी थांबत नाही.

मुंबईच्या कापड गिरण्यांत तर फॉर्मच नव्हता. भरती जॉबर, म्हणजे मुकादम, करी आणि बायकांच्या खात्यांत, म्हणजे मुख्यतः रिळिंग आणि वाइंडिंगमध्ये, नाईकीण. दस्तुरी, म्हणजे कमिशन, घेऊन माणसे लावायची, सांभाळायची आणि काढायचीही सत्ता तिच्याकडे. तिची माणसे बरेचदा तिच्याच गावची, नात्यातली किंवा चाळीतली असत. कोणाचे लग्न ठरले, कोणाला कितवा महिना लागला, हे तिला विचारावे लागत नसे. म्हणजे चौकशी नव्हती असे नाही. ती करणारा कागद नव्हता, माणूस होता. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कामगार आयोगाने १९३१च्या अहवालात या भरतीपद्धतीवर बोट ठेवले आणि गिरण्यांनी भरती स्वतःच्या अधिकाऱ्यांकडे घ्यावी असे सुचवले. १९३५ पासून मुंबईच्या गिरणी मालक संघाने बदली कामगारांना, म्हणजे गैरहजर माणसांच्या जागी लागणाऱ्यांना, महिन्याच्या सुरुवातीला कार्डे द्यायला सुरुवात केली. जॉबरची मक्तेदारी मोडणे हा त्यामागचा हेतू होता, आणि तो वाईट नव्हता. पण आजपर्यंत जॉबरच्या डोक्यात असलेली माहिती तेव्हापासून हळूहळू दप्तरात यायला लागली, हेही खरे.

याच दशकांत बाळंतपणाचा खर्च पहिल्यांदा कायद्यात आला. कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मातृत्व लाभाचे विधेयक मांडले, ते फेटाळले गेले. मग मुंबई विधान परिषदेत सदस्य आसवले यांचे विधेयक आले आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा मातृत्व लाभ कायदा झाला. देशातला असा तो पहिला कायदा. त्यावरच्या चर्चेत जुलै १९२८ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी केलेले भाषण या विषयात मला सगळ्यांत दूरदृष्टीचे वाटते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, असे त्यांनी म्हटले. मालकालाही त्यांनी सोडले नाही: पुरुषाऐवजी बाई कामावर ठेवण्यात त्याला फायदा दिसतो म्हणूनच तो तिला ठेवतो, तेव्हा त्या फायद्यापोटी काही वाटा त्यानेही द्यायला हवा. म्हणजे खर्च कोणाचा हा प्रश्न त्यांनी सुरुवातीलाच विचारला होता. कायद्याने दिलेले उत्तर मात्र एकाच बाजूचे होते. पैसे गिरणीने द्यायचे, ज्या गिरणीत बाई कामाला त्याच गिरणीने. सरकारने काही द्यायचे नव्हते, बायका न ठेवणाऱ्या गिरणीनेही काही नाही. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांत एक बाई होती. पुढच्या दशकांत ते प्रमाण घसरत गेले. त्याला कारणे अनेक: रात्रपाळीत बायकांना बंदी, यंत्रांची आणि खात्यांची फेररचना, कुटुंबाच्या पोटापुरते कमवायचे ते पुरुषाने ही रुजत गेलेली कल्पना. कायद्यामुळे किती बायका घरी गेल्या हे या गुंत्यातून वेगळे काढता येत नाही, आणि कायदा नसता तर बायका गिरणीत टिकल्या असत्या असेही मी म्हणणार नाही. एवढे मात्र म्हणेन की, बाई न ठेवणे हा खर्च वाचवण्याचा कायदेशीर मार्ग त्या रचनेने मालकाच्या हाती दिला.

तोच मार्ग १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर वेगळ्या वेषात आला. बॉम्बे लेबर युनियन विरुद्ध इंटरनॅशनल फ्रँचायझेस या दाव्यातल्या औषध कंपनीचा नियम असा होता की, एका विशिष्ट खात्यात काम करणाऱ्या अविवाहित मुलीचे लग्न झाले की तिची नोकरी संपली. कंपनीचे म्हणणे, तिथले काम गटाने चालते आणि लग्न झालेल्या बायका जास्त गैरहजर राहतात. न्यायालयाने हा मुद्दा भावनेने नाही, तर हिशोबाने तपासला, आणि म्हणून तो निकाल मला आवडतो. गैरहजेरी मुलांमुळे असेल तर मुले असलेल्या विधवेचीही तितकीच असायला हवी, मग नियम फक्त लग्नावर का? खरा फरक उरतो तो बाळंतपणाच्या रजेचा, आणि त्यासाठी काही जादा बायका राखीव ठेवल्या की भागते. नियम रद्द झाला. पण त्या जादा बायकांचा पगार पुन्हा त्याच कंपनीने द्यायचा होता. तत्त्व जिंकले आणि हिशोब होता तिथेच राहिला.

आयुर्विमा महामंडळाच्या प्रकरणातली खरी गंमत इथे आहे. अनेकांकडून थोडे थोडे घेऊन एकावर कोसळणारा भार सगळ्यांनी वाटून घ्यायचा, हा ज्या संस्थेचा धंदाच, तिने एका सहायक बाईच्या बाळंतपणाचा भार वाटून घेण्याऐवजी तिच्यावरच परत टाकला. माझा तर्क असा की तो फॉर्म विम्याच्या प्रस्तावपत्राच्या वळणावर गेलेला असावा. विमा घेताना दडवलेली गोष्ट करार मोडायला पुरते, त्याच धाटणीने इथे पाळीची तारीख नोकरी मोडायला पुरली. पण प्रस्तावपत्रातला प्रश्न हप्ता ठरवण्यासाठी असतो आणि नोकरीत हप्ता ठरवायचा नसतो. भार वाटून घेण्याची दुसरी रीत देशात आधीपासून होती. १९४८च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने, ज्याची योजना १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली, बाळंतपणाचा लाभ वर्गणीच्या निधीतून देण्याची सोय केली. ही वर्गणी पगारावर ठरते, बाई-पुरुष पाहून नाही. आज मालकाची सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण टक्का. शंभर पुरुष ठेवले काय किंवा शंभर बायका ठेवल्या काय, पगार सारखे असतील तर वर्गणी तेवढीच. अशा ठिकाणी रजेतल्या पगाराच्या धास्तीने पाळीची तारीख विचारण्यात मालकाला काही मिळत नाही. कामाची खोटी होते, बदली माणूस शोधावा लागतो, हा त्रास उरतोच. पण मोठा भाग निघून जातो.

यावर सरळ आक्षेप येतो की, पैसे मोजणाऱ्याला माणूस पारखून घेण्याचा हक्क नाही का? आहे. शाळेच्या बसवर चालक ठेवताना त्याचा परवाना, त्याची दृष्टी, त्याच्यावरचे गुन्हे पाहायलाच हवेत. ते न पाहणारी शाळा बेजबाबदार ठरेल. पण ही पारख त्या कामाची असते. आज काम करू शकतो का, हा एक प्रश्न. उद्या आम्हाला महाग पडेल का, हा वेगळा. दोन्ही एकाच वैद्यकीय तपासणीच्या कागदावर येतात म्हणून ते एक होत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नाव झाकून चालवलेल्या एका दाव्यात नेमका हाच भेद केला. सार्वजनिक क्षेत्रातल्या एका संस्थेने रोजंदारीवरच्या कामगाराला एचआयव्हीचे निदान झाले म्हणून नेमणूक नाकारली होती. तो आज काम करायला धडधाकट असेल आणि इतरांना त्याच्यापासून धोका नसेल, तर पुढे कधी येईल त्या आर्थिक बोजाच्या भीतीने त्याला दूर ठेवता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने नोकरीची पूर्वअट म्हणून ही चाचणी करण्यालाच मनाई केली. दुसरा आक्षेप सचोटीचा: प्रश्न गैर असला म्हणून उत्तर खोटे द्यावे का? आयुर्विमा महामंडळाची सगळी भिस्त यावरच होती. पण ज्याला विचारण्याचा अधिकार नाही त्याने विचारायचे, उत्तर न दिले तर नोकरी नाही, आणि चुकीचे दिले तर त्याच कारणाने काढायचे, हा डाव मांडणाऱ्याने सचोटीची भाषा करणे अवघड आहे.

प्रत्येक चौकशी पैशाच्या मोजपट्टीत बसते असे मात्र नाही, आणि तसा आव मी आणणार नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात दलित कामगारांना जागा नसे, कारण धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. १९२८च्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे लावून धरला. इथे मालकाने फार तर भांडणाचा खर्च वाचवला; मूळ दोष जातीचा होता आणि तो कामगारांचा होता. तसेच पोलीस पडताळणीचे. मध्य प्रदेशातल्या एका शिक्षकाला तो पूर्वी राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जनसंघाच्या कार्यात भाग घेत असे, या अहवालावरून सरकारी नोकरीतून काढले गेले. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. तिथे सरकारला खर्चाची नव्हे, मताची भीती होती. अशा प्रश्नांना निधी उभारून उत्तर मिळत नाही, त्यासाठी मनाईच हवी. माझे म्हणणे बाळंतपण, आजार, म्हातारपण अशा भारांपुरते आहे. पण खासगी नोकऱ्यांच्या मुलाखतींत वावरणारे बहुतेक नाजूक प्रश्न याच कुळातले असतात.

१९९१च्या निकालाने महामंडळाचे रकाने काढायला लावले आणि तरी तीस वर्षांनी भारतीय स्टेट बँकेने डिसेंबर २०२१च्या परिपत्रकात तीन महिन्यांहून जास्त दिवस झालेल्या गरोदर उमेदवाराला तात्पुरती अपात्र ठरवले. बाळंतपणानंतर चार महिन्यांच्या आत तिने रुजू व्हावे, असे त्यात होते. आरडाओरडा झाला आणि जानेवारी २०२२ संपायच्या आत बँकेने ते मागे घेतले. ही दोन्ही प्रकरणे उघडी पडली ती कागदामुळे. छापलेला रकाना न्यायालयात दाखवता येतो, मागे घेतलेल्या परिपत्रकाची बातमी होते. ‘मग लग्नाचं काय ठरवलंय?’ हे मुलाखतीच्या शेवटी, चहा येताना विचारले तर त्याची नोंद कुठे होत नाही, आणि नकाराच्या पत्रात कारण द्यायची सक्ती नाही. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान किंवा दायित्व टाळण्यासाठी, संमतीशिवाय माहिती वापरायला वाट ठेवलेली आहे. नुकसान हा शब्द कायद्यातच बसला म्हटल्यावर कोणते नुकसान मोजायचे हे मालकावरच सोडल्यासारखे आहे.

२०१७ मध्ये मातृत्व रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. आईच्या दृष्टीने ती हवीच होती. पण कर्मचारी विम्याबाहेरच्या नोकऱ्यांत वाढीव आठवड्यांचा सगळा पगार पुन्हा एकट्या मालकाच्या नावावर पडला. सरकारलाही ते उमगले असावे, कारण नोव्हेंबर २०१८ मध्ये कामगार मंत्रालयाने सात आठवड्यांचा पगार मालकाला परत देण्याची योजना आखत असल्याचे जाहीर केले, तीही पंधरा हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांपुरती. सात आठवडे दिले तरी एकोणीस उरतात. आणि ज्यांचा पगार एकवीस हजारांच्या वर, म्हणजे कर्मचारी विम्याच्या मर्यादेबाहेर, त्या बँक अधिकारी, संगणक अभियंता, खासगी शाळेतल्या शिक्षिका यांच्यासाठी ना निधी आहे ना परतावा. त्यांच्या बाळंतपणाची किंमत आजही त्यांना नोकरीवर घेणारा एकटा मोजतो, आणि ती मोजण्याआधी तो चौकशी करतो.