दप्तर उघडेना : संगणकीय टपालातील मज्जावाचा इतिहास

संगणकावर टपालाचा व्यवहार करणाऱ्या कोणाही गृहस्थावर हा प्रसंग केव्हा ना केव्हा येतोच : काल संध्याकाळपर्यंत बिनतक्रार उघडणारे इनबॉक्सचे फोल्डर आज सकाळी 'ॲक्सेस डिनाइड' एवढे दोन शब्द तोंडावर टाकून स्वस्थ बसते, आणि पत्रे आपली, यंत्र आपले, विजेचे बिल आपण भरलेले, असे असताना आपल्यालाच मज्जाव करणारा हा कोण, असा संताप मनात उभा राहतो. हा संताप रास्त असला तरी तो बहुधा भलत्यावरच निघतो. फोल्डराच्या दारात मुख्यतः तीन स्वतंत्र अंमलदार बसलेले असतात. फाइलींच्या मालकीची नोंद ठेवणारी संगणकाची कार्यप्रणाली हा पहिला, त्या फाइली उघडून वाचून दाखवणारे टपालाचे सॉफ्टवेअर हा दुसरा, आणि दूर कोठेतरी असलेला सर्व्हर हा तिसरा. नकार यांपैकी कोणाचा आहे हे पडद्यावरच्या त्या दोन शब्दांवरून उमगत नाही, कारण हुकमाखाली सही कोणाचीच नसते. या तिघांच्या नेमणुका एकाच दिवशी झालेल्या नाहीत; प्रत्येकाच्या नेमणुकीला त्या त्या काळी तसेच सबळ कारण घडले होते.

अमेरिकेतील केंब्रिज येथल्या 'बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन' या कंपनीत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र धाडले, ही गोष्ट आता शाळकरी मुलांनाही पाठ असते, आणि पत्त्यातील 'ॲट'च्या चिन्हाचे श्रेयही त्यांना यथास्थित मिळालेले आहे. परंतु ज्या जुन्या प्रोग्रॅमच्या पायावर त्यांनी ही इमारत उभारली, त्यातील पत्रपेटी कशी होती इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ती पेटी म्हणजे ठराविक नावाची एक साधी फाइल होती. तिचे वैशिष्ट्य एवढेच की, इतरांना तिच्या अखेरीस नवा मजकूर जोडण्याची मुभा होती, मात्र आधीचा मजकूर वाचण्याची किंवा त्यावर लिहिण्याची नव्हती. अर्थात, टाकणाऱ्याला टाकता यावे पण उघडता येऊ नये, हा निर्बंध हीच पत्रपेटीची सारी कल्पना होती. तो काढून टाकला तर उरते ती कोणीही चाळावी अशी चोपडी. माझ्या मते त्या चिन्हापेक्षा हा निर्बंधच अधिक मोलाचा होता.

पुढे युनिक्स प्रणालीत हीच पद्धत रूढ झाली. प्रत्येक माणसाच्या नावे एकच लांबलचक फाइल, आणि तिच्यात एकाखाली एक जोडलेली पत्रे. यात एक पेच होता. आलेले पत्र फाइलीत टाकणारा प्रोग्रॅम वेगळा आणि ती फाइल वाचून नको ती पत्रे वगळणारा प्रोग्रॅम वेगळा. दोघांनी एकाच क्षणी हात घातला, तर अर्ध्या पत्राला दुसऱ्याच पत्राचे शेपूट जोडले जायचे. यावर तजवीज निघाली ती अशी की, जो प्रथम येईल त्याने त्या फाइलीशेजारी तिच्याच नावापुढे 'लॉक' हा शब्द जोडलेली एक रिकामी फाइल निर्माण करावी, काम आटोपताच ती पुसावी, आणि दुसऱ्याने ती तेथे असेतोवर थांबून राहावे. युक्ती सोपी, पण तिचा सारा भार कुलूप लावणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर आणि दीर्घायुष्यावर. मध्येच वीज गेली किंवा प्रोग्रॅम कोसळला की लावणारा नाहीसा होई आणि कुलूप मात्र तसेच राही. आजही थंडरबर्ड हा टपालाचा प्रोग्रॅम अचानक बंद पडल्यावर पुन्हा उघडताना 'प्रोग्रॅम आधीपासूनच चालू आहे' असे जे खोटे उत्तर कधीकधी मिळते, त्याचे मूळ बहुधा अशाच अनाथ कुलपात, किंवा पडद्याआड अजून जिवंत राहिलेल्या त्याच्या पहिल्या अवतारात असते.

या कुलपांचा जाच आपल्याकडील पहिल्या पिढीनेही सोसला आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा खुली केली. तत्पूर्वी एर्नेट या जाळ्यामुळे मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, आय.आय.टी. अशा मोजक्या संस्थांपुरताच हा व्यवहार मर्यादित होता. प्रारंभीच्या स्वस्त खात्यांवर चित्रे दिसत नसत. काळ्या पडद्यावर अक्षरे उमटत, आणि पत्रे वाचण्यासाठी वॉशिंग्टन विद्यापीठात निर्माण झालेला 'पाइन' हा प्रोग्रॅम वापरला जाई. पाइन कधीकधी पडद्याच्या तळाशी बजावीत असे की पत्रपेटी असुरक्षित आहे, टपालाच्या डिरेक्टरीला १७७७ असे संरक्षण हवे. या आकड्यातील तीन साते म्हणजे सर्वांना वाचण्याची, लिहिण्याची आणि आत शिरण्याची मोकळीक. आणि आरंभीचा एक म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची फाइल पुसण्यास मनाई. कुलपाची फाइल पत्रपेटीशेजारी ठेवायची तर तेथे लिहिण्याचा अधिकार प्रत्येकाला हवा, हे त्यामागील कारण. पाइनच्या पोटातील हा भाग मार्क क्रिस्पिन यांचा. १९८६ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना सर्व्हरवरची पत्रे तेथेच ठेवून वाचण्याची आयमॅप ही पद्धत निर्माण करणारेही तेच. सूचना देणारा मनुष्य असा अधिकारी असला, तरी सर्वांना लिहिण्याची परवानगी देण्याची कल्पना अनेक व्यवस्थापकांच्या गळी उतरली नाही.

टेलिफोनच्या तारेवरून पत्रे घरच्या संगणकात उतरवून घेण्याची सोय झाली, तेव्हा कुलूप सर्व्हरवर जाऊन बसले. पॉप-३ या पद्धतीच्या नियमांनुसार एकदा सांकेतिक शब्द पटला की सर्व्हर ती पेटी केवळ तुमच्यासाठी राखून इतरांना बंद करतो, आणि तुम्ही रीतसर निरोप घेतल्यावाचून सोडत नाही. पत्रे उतरत असता मध्येच लाइन तुटली, तर तुम्ही गेलात हे सर्व्हरला कळायला अवधी लागे. मे १९९६ च्या नियमपत्रात तर असा स्वयंचलित निरोप किमान १० मिनिटांच्या शांततेनंतरच द्यावा असे स्पष्ट नमूद आहे. तोवर पुन्हा फोन लावणाऱ्याला पेटी आधीच कुलूपबंद असल्याचे उत्तर मिळे. तो मनुष्य सांकेतिक शब्द बदलून पाही, युडोरा हा टपालाचा प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवी, मोडेमला शिव्या घाली. वास्तविक त्याने चहा घेऊन यायला हवे होते.

खरी धांदल उडाली ती विंडोजच्या राज्यात. विंडोज ९५ आणि ९८ यांच्या डिस्कवरील फाइलींना मालक ही गोष्टच नव्हती. जो यंत्रासमोर बसला तो सर्वाधिकारी. २००१ साली विंडोज एक्सपी घरोघर आली आणि तिच्यासोबत, कचेऱ्यांतील एनटी प्रणालीत आधीपासून असलेली मालकीची व्यवस्थाही आली. या व्यवस्थेत मनुष्य ओळखला जातो तो नावाने नव्हे, तर खाते उघडताना मिळालेल्या एका लांबलचक सुरक्षा-क्रमांकाने. त्यामुळे संगणक बिघडला, विंडोज नव्याने बसवली, खात्याला जुनेच नाव दिले आणि जुनी डिस्क जोडून टपालाचे फोल्डर उघडू गेले, की यंत्र ओळख दाखवीना : नाव तेच, पण क्रमांक निराळा. याचा उपाय टपालाच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हताच; प्रशासकाच्या खात्यातून त्या फोल्डरची मालकी स्वतःकडे घ्यावी लागे. त्याच काळी सावध माणसे आउटलुक एक्स्प्रेसची पत्रे सीडीवर जपून ठेवीत. परत उतरवल्यावर त्या फाइलींवर 'केवळ वाचनासाठी' हा शिक्का तसाच राहिलेला असे, आणि पत्रे लिहू-खोडू पाहणारा प्रोग्रॅम त्या शिक्क्यापाशी अडून बसे. टिचकी मारून एक खूण काढली की काम भागे, पण ती खूण कोठे आहे हे ठाऊक हवे.

आउटलुकची पत्रे साठवणाऱ्या 'पीएसटी' फाइलीची कथा याहून करुण आहे. २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत ही फाइल २ गिगाबाइटपलीकडे वाढू शकत नसे, आणि त्या हद्दीवर पोहोचली की पुष्कळदा उघडेनाशीच होई. तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टने जे साधन पुरवले ते चक्क फाइलीचे टोक छाटून टाकी, आणि छाटलेल्या भागातील पत्रे गमावून मग उरलेल्याची दुरुस्ती करावी लागे. २००३ च्या आवृत्तीने ही हद्द उठवून मर्यादा प्रथम २० गिगाबाइटवर नेली.

आयमॅपने फोल्डर सर्व्हरवरच ठेवले, आणि १९९७ साली कोणी वाचावे, कोणी लिहावे, कोणी पुसावे यांची स्वतंत्र सनद लिहिण्याची सोयही त्यात आली. नावांचा एक गमतीदार भाग यात आहे. फोल्डरला मराठी नाव दिले तर जुन्या नियमाप्रमाणे सर्व्हर ते रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक माळेत लिहून ठेवतो. माळ 'अँड'च्या चिन्हाने सुरू होते, आणि देवनागरी नावाचे पुढचे पहिले अक्षर, नाव कोणतेही असो, 'सी' हेच येते. एखाद्या प्रोग्रॅमला ही लिपी नीट उलगडता आली नाही, की 'घरपट्टी' किंवा 'पत्रव्यवहार' हे फोल्डर अस्तित्वातच नाही असे तो खुशाल सांगतो.

अलीकडे पहारेकरी आणखी वाढले आहेत. विषाणूरोधक सॉफ्टवेअरला एका पत्रात संशयास्पद काही दिसले, तर ते कधीकधी पत्र न उचलता अख्खी इनबॉक्सची फाइल अटकेत टाकते, कारण त्याच्या लेखी ती एकच वस्तू असते. २०१८ सालच्या मॅकओएस मोहावीपासून तर मेलचे दप्तर प्रत्यक्ष यंत्राच्या मालकालाही टर्मिनलमधून पाहता येत नाही. 'फुल डिस्क ॲक्सेस' ही परवानगी त्या त्या प्रोग्रॅमला वेगळी द्यावी लागते. हा बंदोबस्त जाचक खरा, परंतु लोकांची पत्रे चोरणाऱ्या प्रोग्रॅमांचा सुळसुळाट पाहता तो अवाजवी म्हणवत नाही. अवाजवी आहे ते मोघम उत्तर. पन्नास वर्षांनंतरही नकार देणाऱ्याने आपले नाव सांगू नये, ही या धंद्यातील लोकांची निव्वळ बेपर्वाई आहे.

ही बेपर्वाई सरेतोवर वाचकांना एवढेच सांगणे : फोल्डर अडले तर प्रथम सॉफ्टवेअर पुरते बंद करा, टपालाच्या सगळ्या दप्तराची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा, आणि मगच कुलपाच्या फाइलीला किंवा मालकीच्या नोंदीला हात लावा. थंडरबर्डमधील 'एमएसएफ' अखेरीची फाइल पुसली तर चालते, ती केवळ सूची आहे आणि पुन्हा तयार होते. तिच्या शेजारची, त्याच नावाची पण अखेर नसलेली फाइल मात्र पुसू नका, कारण पत्रे तिच्यातच असतात.